घाटातला कातळ बसवताना: मॉडेल रेल्वेसाठी प्लास्टरची कास्टिंग कापणं आणि जुळवणं

भोर घाटात रूळ चढतात, कातळाचे थर चढत नाहीत. ते आडवेच राहतात. मॉडेलवर प्लास्टरचे खडक बसवताना बहुतेक लेआउटचा (रूळ-डोंगरांच्या मांडणीचा) घोळ इथेच होतो. तुकड्याची खालची कड रुळाला समांतर धरायची, चिकटवायचं, शेजारी दुसरा तुकडा, असं करत गेलं की थरांच्या रेषाही रुळाबरोबर तिरप्या होतात. एकेक तुकडा पाहिला तर सुरेख असतो. चार पावलं मागे जाऊन पाहिलं की डोंगर खोटा वाटतो, आणि का ते चटकन सांगता येत नाही.

म्हणून या लेखात साच्यातून प्लास्टर कसं पाडायचं यापेक्षा नंतरच्या कामावर भर आहे: पाडलेला तुकडा, म्हणजे कास्टिंग, कुठे तोडायचा, कसा कापायचा, कसा बसवायचा आणि सांधा कसा मिटवायचा. उदाहरण घेतलंय कर्जत ते खंडाळा या चढाचं, एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात. एन किंवा ओओ करणाऱ्यांनी आकडे आपापल्या प्रमाणात बदलून घ्यावेत, कृती तीच राहते.

आधी डोंगर बघून घ्या

सह्याद्रीचा हा भाग दख्खनच्या बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थिजला. त्यामुळे कडा एकसंध नसतो. घट्ट बेसाल्टचा थर उभा तुटतो, त्यात उभ्या भेगा असतात आणि त्या भेगांवर ठोकळे सुटतात. त्याच्यावर किंवा खाली सच्छिद्र, मऊ खडकाचा थर असला की तो लवकर झिजतो, तिथे उतरती पायरी तयार होते, माती साठते, गवत उगवतं. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पातळ मातकट पट्टा दिसतो.

सांध्याची जागा यातूनच ठरते. आडवा सांधा द्यायचा तर पायरीवर, जिथे खऱ्या डोंगरात थर बदलतो. उभा सांधा द्यायचा तर भेगेत. कास्टिंग हातात घेतल्यावर पहिलं काम करवत काढायचं नाही. पेन्सिल घेऊन त्यावरच्या ठळक भेगा आणि थराच्या रेषा ठसठशीत करायच्या. तुकडा याच रेषांवर तुटणार, दुसरीकडे नाही. ठोकळ्याच्या पोटातून गेलेली सरळ करवतीची रेघ नंतर कितीही लिंपली तरी डोकावतेच.

बाजारात मिळणाऱ्या साच्यांबद्दल एक इशारा. वुडलँड सीनिक्ससारख्या कंपन्यांचे रबरी साचे उत्तम असतात, पण त्यांच्या डोळ्यासमोर अमेरिकेतले डोंगर. तिरपे, वळ्या पडलेले थर असलेला साचा घाटासाठी घेऊ नका. साचा गोल फिरवून बघा. कधी कधी उभ्या रेषांचा साचा आडवा धरला की काम होतं. आपल्याकडच्या खाणीतून ताज्या फुटलेल्या काळ्या दगडाचा एखादा चांगला तुकडा आणून त्यावर लॅटेक्सचे (पातळ रबराचे) थर देऊन स्वतःचा साचा केला तर सोन्याहून पिवळं. मुठीएवढ्या दगडाच्या फुटलेल्या अंगावर १:८७ चा अख्खा कडा सापडतो.

प्लास्टर कुठलं, आणि कापायचं कधी

जिप्सम सुमारे १५० अंशांवर भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी जातं आणि पीओपी तयार होतं. त्यात पाणी घातलं की ते पुन्हा जिप्सम बनतं. सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि माल आवळतो. या क्रियेला १०० ग्रॅम पावडरमागे जेमतेम १९ मिलि पाणी लागतं. पण साधं पीओपी नीट ओतता यायला ६० ते ७० मिलि घालावं लागतं. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे छिद्रं राहतात. म्हणून पीओपी हलकं, मऊ आणि ठिसूळ. दातांच्या डॉक्टरांचं सामान विकणाऱ्या दुकानात डेंटल स्टोन मिळतो. तो साधारण ३० मिलि पाण्यात ओतता येतो आणि बराच कडक होतो.

माझा हिशेब सरळ आहे. कातळासाठी साधं पीओपी, कारण ते तोडायचं, तासायचं, कोरायचं असतं. बोगद्याचं तोंड, घडीव दगडाची भिंत, पुलाचा खांब, म्हणजे जिथे धार आणि दर्जा (दगडांच्या मधल्या सांध्यांच्या रेघा) नेमक्या हव्यात, तिथे डेंटल स्टोन. दोन्ही एकाच दर्शनी भागात मिसळू नका. रंग दोघांवर वेगळा चढतो.

पावडर पाण्यात भुरभुरायची, पाणी पावडरीत ओतायचं नाही. मिनिटभर भिजू द्यायचं, मग हवा न कोंडता ढवळायचं. एकदा माल आवळायला लागला की त्यात वरून पाणी घालून तो पुन्हा सैल करू नका. अडकू लागलेले स्फटिक मोडतात, आणि असला तुकडा पुढे नखानेही खरवडतो.

पाठीला बळकटी हवीच. पेणचे गणपती कारखानदार आणि फॉल्स सीलिंगवाले पीओपीत काथ्या घालतात, तोच आपणही घालायचा. साच्यात निम्मं प्लास्टर ओतल्यावर पिंजलेला काथ्या पातळ पसरून वरून उरलेलं ओतायचं. छोट्या तुकड्यांना औषधाच्या दुकानातलं गॉज पुरतं. जाडी ८ ते १० मिमी बस्स. एक चौरस फूट तुकड्याचं वजन साधारण किलोभर होतं. पूर्ण भिंतीचा डोंगर करायचा असेल तर खालच्या प्लायच्या फळीला विचारून जाडी वाढवा.

आता वेळ. प्लास्टर कापायला दोन अवस्था चांगल्या आणि मधली वाईट. साच्यातून काढल्यावर, गरम होऊन पुन्हा निवला की तास-दोन तास तुकडा ओलसर असतो. तेव्हा तो पनीरसारखा कापला जातो; पेपर कटर, जुनी सुरी, काहीही चालतं. माप ठरलेलं असेल तर सगळं कापकाम याच वेळात उरकावं. दुसरी अवस्था पूर्ण वाळलेली. तेव्हा तो खणखणीत वाजतो आणि भेगेवर स्वच्छ तुटतो. मधल्या, अर्धवट वाळलेल्या दिवसांत तो धड कापत नाही, धड तुटत नाही, करवतीच्या दातांत लगदा भरतो.

वाळला की नाही हे गालाला लावून कळतं: गार लागला म्हणजे आत पाणी आहे. किचनच्या काट्यावर दोन दिवस वजन सारखं भरलं तर खात्रीच. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत वाळतो, पावसाळ्यात आठवडा घेतो. घाई म्हणून ओव्हनमध्ये ठेवू नका. उष्णता जास्त झाली की स्फटिकातलं पाणी पुन्हा सुटायला लागतं आणि कड भुगा होते. पंखा लावा.

वाळलेला तुकडा करवतीने कापायचाच असेल तर आधी दहा मिनिटं पाण्यात बुडवा. जमलेलं प्लास्टर भिजलं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, दात सहज चालतात आणि धूळ उडत नाही.

हत्यारं

खास काही लागत नाही. हॅक्सॉचं पान, शक्यतो जुनं, कारण प्लास्टर धार खातं आणि ओल्या प्लास्टरने पान गंजतं. एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळली की मूठ झाली. बारीक दातांची रेझर सॉ, ६ आणि १२ मिमीच्या दोन पटाशा, एक चपटी आणि एक गोल कानस, पेपर कटर, स्टीलची पट्टी. कोरायला दातांच्या डॉक्टरांची आकड्यासारखी हत्यारं मिळतात, ती अप्रतिम. एक छोटी पाणसळ. ही न घेता काम सुरू करू नका. रंगाचा जुना ब्रश, फवाऱ्याची बाटली आणि मास्क.

कामाआधी रुळांवर मास्किंग टेप लावा, पॉइंटच्या (रूळ बदलतो त्या जागेच्या) हलत्या जिभांवर दुहेरी. प्लास्टरची धूळ इंजिनाच्या गिअरमध्ये गेली की ग्रीसबरोबर लेप होतो. आणि उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये कधीही ओतू नका. ते पाण्याखालीही जमतं. बादलीत सुकू द्या आणि खरवडून टाका.

गाडी कुठून जाणार ते आधी आखा

कातळ रुळाच्या किती जवळ आणता येईल हे डोळ्याने ठरवायचं नसतं. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या धाटणीचा) डबा २१.३ मीटर लांब, म्हणजे १:८७ मध्ये २४५ मिमी. त्याच्या दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) केंद्रांमधलं अंतर सुमारे १४.८ मीटर, मॉडेलवर १७० मिमी. ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर असा डबा मध्यभागी आतल्या बाजूला ६ मिमी झुकतो आणि टोकं बाहेरच्या बाजूला साडेसहा मिमी निघतात. डब्याची निम्मी रुंदी १८.६ मिमी. म्हणजे रुळाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना २५ मिमी गाडीच व्यापते. मी ३० मिमी मोकळी ठेवतो. वळण ४३८ मिमीचं असेल तर आतला झोक ८ मिमीच्या वर जातो, तेव्हा त्या हिशेबाने जागा वाढवा. नव्या धाटणीचा एलएचबी डबा त्याहून लांब आहे. तो चालवणार असाल तर मोजणी त्याच्यावर करा.

आकडेमोडीचा कंटाळा असेल तर सर्वांत लांब डब्याच्या मधोमध आतल्या बाजूला आणि टोकांना बाहेरच्या बाजूला पेन्सिली टेपने चिकटवा आणि डबा हाताने वळणावरून ढकला. पेन्सिल फळीवर रेघ मारत जाते. त्या रेघेच्या पुढे चार-पाच मिमी सोडून कातळाची हद्द आखा.

काळ कुठला दाखवताय हेही इथेच ठरवा. हा घाट १८६३ साली सुरू झाला आणि १९२९ पर्यंत गाड्या मधल्या रिव्हर्सिंग स्टेशनवर दिशा बदलून पुढे जायच्या. विजेची ओव्हरहेड तार त्याच सुमारास आली. डेक्कन क्वीन १९३० ची, ती विजेवरच. वाफेचा काळ दाखवणार असाल तर खांबांची गरज नाही. त्यानंतरचा काळ असेल तर कातळ आणि रुळाच्या मध्ये खांबाला जागा सोडा. कातळ बसवून झाल्यावर खांबासाठी तो तासत बसणं म्हणजे शिक्षा.

पुठ्ठ्याचा नमुना आणि सदतीसास एकचा चढ

थर्माकोल किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, आधार काहीही असो, प्लास्टर उचलण्याआधी त्याच्यावर पुठ्ठा लावून बघा. पुठ्ठा कापायला फुकट आहे. त्याच्यावर पाणसळ ठेवून एक आडवी रेघ मारा. ही रेघ त्या तुकड्याची थररेषा. मग खालची कड रुळाच्या बाजूने कापा.

इथे घाटाचा चढ मध्ये येतो. भोर घाटाचा चढ सदतीसास एक. मॉडेलवर मीटरभर लांबीत रूळ २७ मिमी वर जातो. २०० मिमी रुंद कास्टिंगच्या खालच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेपाच मिमीचा फरक येतो. म्हणजे तळ पाचरीसारखा तिरपा कापायचा. थर आडवे, तळ तिरपा. एवढं एक केलं की डोंगर जागेवर येतो आणि गाडी खरोखर चढताना दिसते. डोळ्याला चढ कळायला आडवी रेषा लागते, ती थर पुरवतात.

पुढचा तुकडा लावताना त्याचे थर शेजारच्या थरांना नेमके मिळायला हवेत असं नाही, पण पायरी मिळाली पाहिजे. पायरीची उंची एका तुकड्यावर ६० मिमी आणि शेजारच्यावर ७५ असेल तर एकतर दुसरा तुकडा खाली सरकवून तळ जास्त कापा, नाहीतर त्या सांध्यावर ओढा दाखवा. पावसाळी ओहोळाने थर कापलेले घाटात जागोजाग आहेत.

तळाच्या शेवटच्या दोन-तीन मिमीसाठी जीव काढू नका. कटिंगच्या पायथ्याशी गटार असतं, वरून सुटलेला चुरा पडलेला असतो. तुकडे तोडताना जो भुगा आणि खडी जमेल ती चाळून ठेवा. फट तिनेच झाकायची. रंग आपोआप मिळतो, कारण माल तोच.

तोडणं

कातळाची कड शक्यतो तोडा, कापू नका. वाळलेला तुकडा पालथा घाला, खाली घडी केलेला टॉवेल. दर्शनी बाजूला पेन्सिलने आखलेल्या भेगेची जागा पाठीवर उतरवा आणि पेपर कटरने तिथे दोन-तीन मिमी खोल खाच पाडा. ही खाच सरळ असायची गरज नाही, भेग जशी वळते तशी वळू द्या. आता टेबलाच्या कडेवर खाच आणून बाहेरचा भाग खाली दाबा. कट्ट आवाज येतो, आणि दर्शनी बाजू भेगेवर खडबडीत तुटते. काथ्या आत असल्याने दोन्ही भाग धाग्यांनी लटकत राहतात. सुटे करायचे असतील तर धागे कापा. वळणावर बसवायचे असतील तर थांबा, धागे कापू नका.

कारण वळणासाठी हीच बिजागरी. ६०० मिमीच्या वळणाबाहेरचा कातळ साधारण ६४० मिमी त्रिज्येवर येतो. त्यावर १५० मिमी रुंद सपाट तुकडा ठेवला तर मध्यभागी वळणापासून ४.४ मिमी फरक पडतो, आणि भिंत पैलूदार दिसते. तोच तुकडा भेगांवर तोडून ६० मिमीच्या उभ्या पट्ट्या केल्या तर फरक ०.७ मिमी उरतो. कातळाच्या खडबडीत अंगावर तो कुणाला दिसणार नाही. पाठीला काथ्या किंवा गॉज अखंड ठेवून तुकडा तीन ठिकाणी मोडायचा आणि पूर्ण पट्टा वळवून बसवायचा. भिंत आत, म्हणजे रुळाकडे पोकळ वळत असेल तर पुढच्या कडा एकमेकींना भिडतात, म्हणून पाठीकडे न जाता दर्शनी भेगा आकडीने थोड्या रुंद करून घ्या. भिंत रुळाकडे फुगीर वळत असेल तर पुढे फटी उघडतात. त्या भरायच्या, त्याकडे पुढे येऊ.

तुटलेली कड लगेच शेजारच्या तुकड्याला लावून बघा. भिडत नसेल तर पाठीकडून तासा. पाठीची कड दहा-पंधरा अंशांनी आत उतरती केली की दोन तुकड्यांच्या फक्त दर्शनी कडा एकमेकींना टेकतात आणि मागे पाचरीसारखी पोकळी राहते. त्या पोकळीत ओलं प्लास्टर भरून सांधा पक्का होतो. पुढून मात्र कानस लावू नका. कानशीने गुळगुळीत झालेली कड हा पहिला पुरावा.

कटिंगच्या उभ्या अंगावर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या अर्ध्या नळ्या कधी कधी दिसतात. त्या दाखवायच्या तर तुकडा ओला असतानाच सुईने उभी बारीक रेघ ओढा. खरं भोक ४० मिमीचं धरलं तर मॉडेलवर अर्धा मिमीही भरत नाही. जाड रेघ मारली की खिळा ओढल्यासारखं दिसतं. दोन-चार पुरेत.

बोगद्याचं तोंड आणि घडीव भिंती

इथे नियम उलटे. तोडणं नाही, कापणंच. आणि कापायचं दगडांच्या मधल्या दर्जेवर. तुकडा दर्शनी बाजू वर करून ठेवा. स्टीलची पट्टी दर्जेला लावून पेपर कटर पाच-सहा वेळा हलक्या हाताने ओढा, मग त्याच खाचेतून करवत चालवा. करवत जिथून बाहेर पडते त्या बाजूची कपची उडते, म्हणून सुरुवात नेहमी दर्शनी बाजूने. आडव्या दर्जेवर कापणं सोपं. उभं कापताना सांधमोड आड येते: एका थरातली उभी दर्ज वरच्या थरात दगडाच्या मध्यावर असते. तिथे एकतर दातेरी कापा, म्हणजे एकेक थर त्याच्या दर्जेपर्यंत, आणि शेजारच्या भिंतीचे दाते त्यात अडकवा. वेळखाऊ आहे, पण सपाट लांब भिंतीत याला पर्याय नाही. नाहीतर सरळ कापून सांध्यावर पुढे आलेला दगडी आधारखांब उभा करा. भिंतींना असे खांब असतातच, आणि खाली सांधा काय झालाय ते कुणी विचारत नाही.

कोपऱ्यात ४५ अंशात दोन भिंती कापून भिडवल्या की कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ येते. कुठलाही गवंडी असा कोपरा बांधत नाही. तो कोपऱ्याचा चिरा एकदा या बाजूला लांब, एकदा त्या बाजूला लांब असा लावतो. म्हणून एक भिंत दुसरीच्या कडेवर सरळ टेकवा, चिकटू द्या, रेघ ओल्या प्लास्टरने पूर्ण बुजवा, आणि मग भिंतीच्या जाडीवर आडव्या दर्जा पुढे ओढून घ्या. चिरे आळीपाळीने लांब-आखूड दिसतील अशा उभ्या दर्जा कोरा. यासाठी दोन्ही भिंतींचे थर एका उंचीवर हवेत, हे चिकटवण्याआधी पाहा.

बोगद्याचं तोंड उभं बसवायचं ते ओळंब्यात. रूळ चढाचा असला तरी तोंड रुळाला काटकोनात झुकवायचं नाही. तळ पुन्हा किंचित पाचरीचा. कमानीची उंची तपासताना इंजिनाचा पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) वर करून तपासा. तोंडाच्या आत किमान हातभर अस्तर हवं. खडबडीत प्लास्टर पातळ पुठ्ठ्यावर पसरून, पुठ्ठा वाकवून ते होतं. आत पाहिल्यावर प्लायची फळी दिसली की वरच्या मेहनतीवर पाणी.

जाता जाता: या घाटाच्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि कंत्राट पुढे त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने चालवलं. त्या कामातलं घडीव दगडकाम बघायला गाडीच्या खिडकीपेक्षा चांगली जागा नाही. मोबाइलवर चित्रण घ्या आणि घरी थांबवत थांबवत बघा.

चिकटवणं

कोरडं प्लास्टर पाणी शोषतं. कोरड्या तुकड्याच्या पाठीवर ओलं प्लास्टर थापलं तर तुकडा त्यातलं पाणी ओढून घेतो, नव्या प्लास्टरला जमायला पाणी उरत नाही आणि मध्ये भुकटीचा थर तयार होतो. आज चिकटलंय असं वाटतं, महिन्याभराने तुकडा हातात येतो. म्हणून पाठ आणि आधार दोन्ही फवाऱ्याने भिजवा, पाणी शोषणं थांबेपर्यंत. मग पळीवाढं प्लास्टर चार-पाच गोळ्यांत पाठीवर लावा, तुकडा दाबा, पाणसळ थररेषेवर धरा आणि थोडं हलवून जागेवर आणा. हात काढण्याआधी तळाला चढत्या रुळाच्या हिशेबाने काड्यापेटीच्या काड्यांच्या पाचरी सारा. पाच-सात मिनिटांत पकड येते.

थर्माकोलवर फेविकॉलही चालतो, कारण प्लास्टर त्यातलं पाणी ओढतं. सॉल्व्हंटवाला चिकटद्रव नको, तो थर्माकोल खातो. बोगद्याच्या तोंडाला आणि सुट्या खांबांना अराल्डाइट बरा. कुठलाही गोंद दर्शनी बाजूला आला की ओल्या कापडाने तेव्हाच पुसा. वाळलेल्या गोंदावर पातळ रंग बसत नाही आणि चकाकणारा फिका डाग कायमचा राहतो.

सांधे

रुंद फट आधी खड्यांनी भरा. तोडकामातून निघालेले कातळाचे तुकडे आकाराप्रमाणे निवडा, भिजवा, फटीत बसवा. नुसत्या ओल्या प्लास्टरने १० मिमीची फट भरली तर ती कितीही कोरा, लिंपणच दिसतं. खड्यांच्या मधल्या बारीक फटींत मग ब्रशने पातळ प्लास्टर सोडा. माल तोच वापरा ज्याची कास्टिंग आहेत. वॉल पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते, ती वेगळी शोषते, आणि रंगवल्यावर पुट्टीचा पट्टा नकाशासारखा उठून दिसतो.

बारीक सांध्यात प्लास्टर भरून ते जमू लागेपर्यंत थांबा. बोट लावल्यावर ठसा उमटतो पण माल बोटाला येत नाही, ती वेळ. आता आकडीने शेजारची भेग सांध्याच्या पलीकडे ओढत न्या, एखादी आडवी थररेषा दोन्ही तुकड्यांवरून सलग करा, एखादा ठोकळा अर्धा या तुकड्यावर, अर्धा त्या तुकड्यावर पडेल असा कोरा. नजर ठोकळ्याचा आकार पूर्ण करते आणि सांध्याची रेघ विसरते. हे काम पाच-सहा मिनिटांत संपतं, म्हणून एका वेळी वीतभर सांधाच घ्या. वेळ वाढवायचा असेल तर पाण्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब टाका. प्लास्टर उशिरा आवळतं. मीठ उलट करतं, लवकर आवळवतं.

सुटा ठेवायचा भाग

बोगद्यात गाडी घसरते, हमखास आतल्या टोकाला. तेव्हा बोगद्यावरचा एक भाग उचलता आला पाहिजे. त्याची हद्द पायरीवर आणि दोन उभ्या ओहोळांत आखा. सुटा तुकडा आधी पूर्ण तयार करा, त्याच्या कडेला किचनमधली क्लिंग फिल्म ताणून गुंडाळा, जागेवर ठेवा आणि भोवतीच्या स्थिर कातळाच्या कडेला ओलं प्लास्टर भरून फिल्मला टेकेपर्यंत आणा. तिथेही भेगा कोरा, दोन्ही बाजूंनी सलग दिसतील अशा. अर्ध्या तासाने तुकडा सरळ वर उचला, फिल्म काढा. फट फिल्मइतकीच राहते. त्या आधी एक तपासा: सुट्या तुकड्याच्या कडा खाली निमुळत्या हव्यात, कुठेही आत वळलेल्या नकोत. नाहीतर तो अडकतो आणि उचलताना धार मोडते. रंग आणि गवत झाल्यावर त्या कडेला लोंबती पालवी सुट्या भागावर लावा, स्थिर भागावर नको.

रंगाआधी

सांधे पूर्ण वाळेपर्यंत रंग नको. ओला सांधा रंग कमी शोषतो आणि फिका राहतो. पूर्ण भिंतीवर एकदा नुसतं पाणी फवारून बघा: जिथे पाणी थेंबांनी थांबतं तिथे गोंद आहे, ती जागा खरवडा. मग पाण्यासारखे पातळ अ‍ॅक्रिलिकचे हात, राखाडी, तपकिरी, काळा, ठिपक्याठिपक्यांनी आणि एकमेकांत मिसळू देत. थरांमधला विटकरी पट्टा शेवटी, आणि तोही एकाच उंचीवर, पाणसळ लावून. पहिला हात वाळल्यावर सांधा कुठे दिसतोच तर तिथे आणखी रंग थापू नका. आकडीने भेग खोल करा आणि भेगेत काळा सोडा.

रुळांवरची टेप काढण्याआधी लांब डबे एकदा हाताने दोन्ही दिशांना फिरवून घ्या. कुठे घासलं तर त्या जागी अजून पांढरं प्लास्टर तासता येतं, आणि त्याचा भुगा टेपवरच पडतो.